फुटाला सव्वा सूत

गेल्या आठवड्यात मी मिशिगनमध्ये, पायात जाड बूट आणि डोळ्यांवर चष्मा चढवून वाळू चाळत उभी होते. बाहेर बर्फ पडत होता. घरी फोटो पाठवला, तर आईचा मेसेज आला, "हेच करायचं होतं तर शिरोलीला काय कमी होतं?"

बरोबर आहे तिचं. शिरोली म्हणजे आमच्या कोल्हापूरजवळची फाउंड्र्यांची वसाहत, आणि मामाचं जॉबवर्कचं दुकान कोल्हापुरातच, शिवाजी उद्यमनगरात. दोन लेथ (धातू फिरवत कातायची यंत्रं), एक ड्रिल मशीन आणि कोपऱ्यात गणपतीचा फोटो. शाळा सुटली की मी तिथं त्याचा डबा पोचवायला जायचे. पण अठरा वर्षांत एकदाही लेथला हात लावला नाही. लावू दिला नाही म्हणा. "लांब उभी ऱ्हा. चप्पल घालून आत यायचं न्हाई," एवढंच. स्वतः मात्र पायताण घालूनच मशीनवर. भाचीनं शिकायचं, हात काळे करायचे नाहीत, असं घरात कुणी न बोलता ठरलेलं होतं.

इथं मेकॅनिकलच्या पहिल्या वर्षाला एक कोर्स सक्तीचा आहे. हवेच्या दाबावर चालणारं छोटं इंजिन प्रत्येक गटानं स्वतः बनवायचं. ड्रॉइंग काढण्यापासून ते चालवून दाखवण्यापर्यंत सगळं आपणच. 1970 च्या दशकात एमआयटीत वुडी फ्लॉवर्स नावाचे प्राध्यापक विद्यार्थ्यांना सुट्या सामानाची पिशवी द्यायचे, यातून यंत्र बनवा म्हणायचे आणि मग त्या यंत्रांची आपसात स्पर्धा लावायचे. करून शिकायची ही पद्धत मग बऱ्याच ठिकाणी पोचली. आपल्याकडेही पहिल्या वर्षाला वर्कशॉप असतं, नाही असं नाही. कोल्हापुरातल्या मैत्रिणी कानस घेऊन फिटिंगचा जॉब, म्हणजे लोखंडाचा तुकडा, घासतात. फक्त तो जॉब पुढं कशात बसतो, हे त्यांना कुणी सांगत नाही.

पहिले दोन आठवडे नुसती सुरक्षा. लेथवर हातमोजे घालायचे नाहीत, कारण कापड फिरत्या चकमध्ये, म्हणजे जॉब पकडणाऱ्या जबड्यात, अडकलं की हातही आत जातो. अंगठी काढायची, केस बांधायचे. चकची चावी चकमध्ये असताना हात तिच्यावरून काढायचा नाही; तशीच राहिली आणि मशीन सुरू झालं, तर ती कुठं जाऊन लागेल सांगता येत नाही. याची परीक्षा झाली. पायातल्या बुटांवर प्रश्न आला तेव्हा मला एकटीलाच हसू आलं.

मग मापं आली आणि मला माहेरी आल्यासारखं झालं. अमेरिका अजून इंचावर चालते. माझ्या वर्गातली चिनी आणि जर्मन मुलं मिलिमीटरवाली, ती वैतागली. मी लहानपणापासून मामाच्या तोंडून "दहा थाऊ घे", "दोन सूत ठेव" ऐकत आलेली. थाऊ म्हणजे इंचाचा हजारावा भाग, सूत म्हणजे इंचाचा आठवा. आपल्याकडे मेट्रिकचा कायदा 1956 साली झाला, तरी उद्यमनगरातून सूत काही गेलं नाही. इथले वर्कशॉपचे म्हातारे उस्तादही "थाऊ"च म्हणतात. आयुष्य मोटारीच्या कारखान्यात काढून आता पोरांना शिकवतात. त्यांना मी महिनाभर "सर" म्हणत होते. इथं नावानं हाक मारतात, ते मला अजून जमत नाही.

भाषा येत होती म्हणजे काम येत होतं असं नाही. इंजिनचा शाफ्ट पाव इंचाचा करायचा होता, म्हणजे 250 थाऊ. जॉब 270 पर्यंत उतरला होता. वीस राहिले. मी कापणारं टूल पुढं सरकवणाऱ्या डायलच्या वीस रेघा घेतल्या, एक रेघ म्हणजे एक थाऊ, हळूच फीड दिला, मायक्रोमीटर लावला, तर 230! पुन्हा लावला. 230च. आदल्या आठवड्यात मी शेजारच्या लेथवर शिकले होते. त्याची डायल व्यास दाखवते. या लेथची डायल टूल किती आत गेलं ते दाखवते, आणि टूल वीस आत गेलं की व्यास चाळीसनं कमी होतो. जॉब गेला. उस्तादांनी काही न बोलता नवा रॉड पुढं केला.

रात्री मामाला व्हिडिओ कॉल केला. कोल्हापुरात सकाळ होती, तो दुकानाचं शटर उघडत होता.

"मशीन बदललं की आधी एका रेघेला जॉब किती उतरतोय बघायचं असतंय. हे पण शिकवत न्हाईत व्हय तिकडं?"

"मामा, तू तरी कुठं शिकवलंस?"

तो शटरला तेल घालायला लागला.

सगळ्यात रंगले ते फ्लायव्हीलच्या, म्हणजे इंजिनच्या जड चाकाच्या, ओतकामात. व्हील चार इंचाचं, ॲल्युमिनियमचं. धातू थंड होताना आक्रसतो, म्हणून पॅटर्न, म्हणजे वाळूत दाबून साचा उठवायचा नमुना, मुद्दाम मोठा करायचा. पुस्तकात ॲल्युमिनियमसाठी दिलं होतं, फुटाला 5/32 इंच. मी मामाला विचारलं तर तो म्हणाला, "बिडाला फुटाला एक सूत. ॲल्युमिनियमला थोडं जास्त, सव्वा धर." बीड म्हणजे ओतीव लोखंड. कागदावर मांडून बघितलं. सव्वा सूत म्हणजे बरोबर 5/32 इंच. चार इंचाला बावन्न थाऊ आले. त्यावर मशीनिंगसाठी वेगळं ठेवलं आणि पॅटर्न थ्रीडी प्रिंटरवर काढला. शेजारच्या गटानं पॅटर्नच्या बाजू अगदी सरळ ठेवल्या, उतार दिलाच नाही. पॅटर्न उचलला तसा साच्याची कड त्याच्याबरोबर वर आली.

वाळू तयार झाली का, हे बघायला उस्तादांनी मूठभर वाळू दाबली आणि मूठ उघडली. बोटांचे ठसे जसेच्या तसे. मग तो गोळा मधोमध मोडला, कडा न ढासळता तुकडे झाले. हे मी आधी बघितलं होतं! शिरोलीच्या एका फाउंड्रीत मामा कास्टिंग आणायला गेला की मी गाडीत बसून असायचे, आणि दारातला मोल्डर हेच करायचा. मला तेव्हा वाटायचं, माणूस कामाच्या वेळी लाडू वळत बसलाय.

ॲल्युमिनियम 660 अंश सेल्सिअसला वितळतं, पण ओतायला त्याहून बरंच गरम लागतं, नाहीतर साचा भरायच्या आधीच गोठतं. आमचा साचा भरला. व्हील एका बाजूला थोडं खडबडीत आलं, पण आलं.

परवा इंजिन चाललं. हवेचा नळ जोडला, बोटानं व्हील ढकललं आणि फटफट सुरू झाली. आजोळच्या गुऱ्हाळावरचं ऑइल इंजिन आठवलं, फक्त हे ओंजळीत मावणारं. मामाला व्हिडिओ पाठवला. कौतुक होईल म्हणून वाट बघत बसले. दहा मिनिटांनी फोन आला.

"आवाज झ्याक हाय. पण व्हील मारतंय. डायल लाव."

डायल गेज लावली. व्हील फिरताना डुलत होतं, बारा थाऊ आउट.

"डिसेंबरात येताना घेऊन ये. ट्रू करूया."

"लेथवर कोण, तू का मी?"

पलीकडं जरा वेळ नुसता लेथचाच आवाज.

"बूट घालून ये," मामा म्हणाला.