गिअरबॉक्स उतरवण्याआधी

माझ्याकडे १९९० च्या दशकातली एक जपानी टू-सीटर आहे. तिचे इंजिन पुढे आहे, चालतात मागची चाके, आणि गिअरचा दांडा थेट गिअरबॉक्सच्या डोक्यावर बसवलेला असल्यामुळे आत जे काही घडते ते लगेच तळहाताला कळते. गेल्या पावसाळ्यात तळहाताला जे कळू लागले ते चांगले नव्हते. सकाळी ठाण्यातल्या पोखरण रोडला लागताना दुसरा गिअर टाकला की ‘खर्र’ असा आवाज येई, आणि रिव्हर्स तर सोसायटीतल्या लोकांची झोप मोडल्याशिवाय पडतच नसे. वागळे इस्टेटमधल्या एका गॅरेजात गाडी दाखवली तेव्हा तिथल्या मिस्त्रींनी एक चक्कर मारून निकाल दिला, “साहेब, गिअरबॉक्स उतरवावा लागेल.”

तो उतरवायचा म्हणजे मागच्या चाकांकडे जोर नेणारा प्रॉपेलर शाफ्ट सोडवणे, सायलेन्सरचा पाइप बाजूला करणे आणि नंतर परदेशातून येणाऱ्या भागांची वाट पाहत गाडी महिनोन्‌महिने जॅकवर ठेवणे. म्हणून मी आठ दिवसांची मुदत मागून घेतली आणि घरच्या पार्किंगमध्येच तपासणी सुरू केली. माझा अनुभव असा आहे की आवाज कसा येतो याचे वर्णन करत बसण्यापेक्षा तो नेमका केव्हा येतो आणि केव्हा येत नाही हे टिपून ठेवले तर दोष लवकर सापडतो.

पहिली चाचणी इंजिन बंद ठेवून केली. पाचही गिअर आणि रिव्हर्स लोण्यासारखे पडले, म्हणजे दांडा आणि आतले गिअर सरकवणारे फोर्क यांच्याविषयी संशय घेण्याचे कारण उरले नाही. इंजिन सुरू करून क्लच दाबला की मात्र सगळेच गिअर जड जात होते. मग न्यूट्रलमध्ये क्लच पूर्ण दाबून मनातल्या मनात पाच आकडे मोजले आणि रिव्हर्स टाकून पाहिला. जुन्या गिअरबॉक्समध्ये रिव्हर्सला बहुधा सिंक्रो (गिअर पडण्याआधी गती जुळवून देणारी यंत्रणा) नसतो, त्यामुळे क्लचविषयी तो खरे तेच सांगतो. क्लच इंजिनपासून पूर्ण सुटत असेल तर तेवढ्या वेळात इंजिनची गती गिअरबॉक्समध्ये आणणारा इनपुट शाफ्ट थांबतो आणि रिव्हर्स मुकाट्याने पडतो. माझा पाच आकड्यांनंतरही कुरकुरला, पण पेडल भराभर दोनदा पंप केल्यावर तोच रिव्हर्स बिनआवाज पडला. क्लच प्लेट चिकटत असती किंवा प्रेशर प्लेट वाकलेली असती तर पेडल पंप केल्याने असा फरक पडला नसता, तेव्हा दोष पेडल आणि क्लच यांच्या मधल्या हायड्रॉलिक, म्हणजे तेलाच्या दाबावर चालणाऱ्या, भागात असणार हे जवळजवळ ठरले.

बॉनेट उघडून क्लचच्या तेलाची बाटली पाहिली तर आतले तेल कोऱ्या चहासारखे काळपट झाले होते. गिअरबॉक्सच्या बाजूला असलेल्या, तेलाच्या दाबाने पुशरॉड ढकलून क्लच सोडवणाऱ्या स्लेव्ह सिलिंडरचे रबरी टोपण नखाने उचलताच बोट ओले झाले. पुतणीला पेडलवर बसवून मी फूटपट्टी घेऊन गाडीखाली आडवा झालो. पहिल्या दाबाला पुशरॉड जेमतेम ८ मिलिमीटर सरकत होता आणि पंप केल्यावर १२. (“काका, अजून किती वेळा दाबू?” हा प्रश्न मी त्या दुपारी बराच वेळ ऐकला.) ब्रेक आणि क्लचचे हे तेल हवेतली आर्द्रता शोषून घेते. ठाण्याच्या पावसाळ्यात ती मुबलक, आणि कित्येक वर्षे तेल बदलले नाही तर सिलिंडरच्या आत गंजाचे बारीक खड्डे पडून वॉशर खरवडले जातात. मी वरचा (पेडलजवळचा मास्टर) आणि खालचा (स्लेव्ह) असे दोन्ही सिलिंडर बदलले, कारण एकच नवा टाकला तर वाढलेल्या दाबाने दुसरा काही दिवसांत हात टेकतो. नवे तेल भरून हवा काढल्यावर रिव्हर्स शांत झाला आणि बाकीचे गिअरही हलके झाले.

दुसरा गिअर मात्र सकाळची पहिली दहा मिनिटे खरखरतच राहिला. क्लचच्या दोषाखाली हा वेगळा दोष इतके दिवस झाकून गेला होता. दोन भागांची गती जुळवण्यासाठी सिंक्रोच्या पितळी रिंगला गिअरच्या शंकूवर तेलाचा थर कापून घासावे लागते. रिंग झिजली असेल आणि थंड तेल घट्ट असेल तर ते काम वेळेत होत नाही. याची खात्री करून घ्यायची सोपी युक्ती म्हणजे डबल क्लच. पहिल्यातून न्यूट्रलमध्ये आल्यावर क्लच सोडायचा, पुन्हा दाबायचा आणि मग दुसरा टाकायचा. तसे केल्यावर आवाज पूर्ण नाहीसा झाला, म्हणजे दोष रिंगचाच.

मग गिअर ऑइल काढले. येथे एक सूचना केल्याशिवाय राहवत नाही. तेल काढण्याचा खालचा प्लग सोडण्याआधी भरण्याचा वरचा प्लग सुटतो की नाही ते पाहावे. तो गंजून बसला असेल तर रिकामा गिअरबॉक्स आणि हातात पाना अशी अवस्था होते. निघालेल्या तेलात उन्हात सोनेरी झाक दिसत होती, चुंबकावर मऊ करडी भुकटी होती, पण दाताचा तुकडा एकही नव्हता. आधीच्या मालकाने दिलेल्या बिलांच्या थप्पीत जीएल-५ या प्रतीच्या गिअर तेलाची नोंद सापडली. मागच्या चाकांमधल्या डिफरन्शियलसाठी ते उत्तम, पण त्यातली गंधकयुक्त रसायने पितळेला मानवत नाहीत आणि त्याचा निसरडेपणा सिंक्रोच्या घर्षणाला मारक ठरतो. मी दोन लिटर जीएल-४, ७५डब्ल्यू-९० भरले आणि खरखर निम्म्याने कमी झाली.

बेअरिंगची परीक्षा थोडक्यात आटोपली. न्यूट्रलमध्ये क्लच वर असताना येणारी घरघर क्लच दाबल्यावर थांबली तर इनपुट शाफ्टचे बेअरिंग, दाबल्यावरच सुरू झाली तर क्लच सोडवणारे रिलीज बेअरिंग, आणि थेट चालणारा चौथा गिअर सोडून बाकी सगळ्यांत आली तर काउंटरशाफ्टचे (बाकीच्या गिअरना जोर पोचवणाऱ्या मधल्या शाफ्टचे) बेअरिंग खराब असण्याची शक्यता अधिक. माझ्या गाडीत यांपैकी काहीच आढळले नाही. घोडबंदर रोडवर गायमुखच्या उतारावर ॲक्सिलरेटर एकदम सोडूनही गिअर आपोआप निसटला नाही.

आठव्या दिवशी जुने तेल एका झाकणात घेऊन पुन्हा वागळे इस्टेटला गेलो. मिस्त्रींनी ते बोटांत चोळले, उन्हात धरले आणि विचारले, “रिव्हर्स आता कसा पडतो?” शांत पडतो, असे मी सांगितले. “मग हे पितळ आहे, लोखंड नाही. चालवा दोन वर्षं.” गिअरबॉक्स अजून जागेवरच आहे, आणि सकाळी कापूरबावडी येईपर्यंत दुसरा गिअर मी डबल क्लच करूनच टाकतो.