जोसाया वॉल्स यांचे शेत शोधताना: माझा अनुभव

नोकरीनिमित्त फ्लोरिडातील गेन्सव्हिल येथे राहायला आलो तेव्हा जोसाया वॉल्स हे नाव मी प्रथम ऐकले. १८४२ साली व्हर्जिनियात गुलामगिरीत जन्म, अमेरिकेच्या यादवी युद्धात गुलामगिरी राखू पाहणाऱ्या दक्षिणेविरुद्ध उत्तरेच्या फौजेत सैनिक, पुढे शेतकरी, राज्य विधिमंडळाचे सदस्य आणि फ्लोरिडातून काँग्रेसवर, म्हणजे अमेरिकेच्या संसदेवर, निवडून गेलेले पहिले कृष्णवर्णीय प्रतिनिधी, एवढी माहिती सहज मिळते. परंतु मी वरूडकडचा, संत्र्याच्या बागेत वाढलेला. त्यामुळे या माणसाच्या शेतीचे काय झाले, हे मूळ कागदांवरून पाहायचे मी ठरवले.

फौजेचा भाग सोपा निघाला. तिसऱ्या कृष्णवर्णीय पायदळ पलटणीच्या सेवानोंदी अमेरिकेच्या राष्ट्रीय अभिलेखागाराने मायक्रोफिल्मवर घेतलेल्या आहेत. पलटण ठाऊक असली की फारसे अडत नाही. त्याआधी दक्षिणेच्या तोफखान्याने वॉल्स यांना बळजबरीने नोकर म्हणून नेले होते, १८६२ मध्ये यॉर्कटाउन येथे ते उत्तरेच्या हाती लागले आणि १८६३ च्या जुलैत स्वतः भरती झाले. राजकारणाचा भागही छापील स्वरूपात उपलब्ध आहे: १८६८ मध्ये राज्याचे प्रतिनिधिगृह, १८६९ मध्ये राज्याचेच सिनेट, नंतर काँग्रेस, जिथे विरोधकांनी निवडणुकीला आव्हान दिल्यावर त्यांची जागा दोनदा काढून घेण्यात आली.

खरी कसोटी जमिनीच्या कागदांत लागली. १८७३ साली, म्हणजे जोतीराव फुल्यांनी ‘गुलामगिरी’ अमेरिकेतील सदाचारी लोकांना अर्पण केली त्याच वर्षी, वॉल्स यांनी अलाचुआ काउंटीत (जिल्ह्यात) दक्षिणेच्या एका माजी सेनानीचा मोठा मळा विकत घेतला. काउंटीची जुनी खरेदीखते आता संगणकावर पाहता येतात, पण सातबाऱ्याची सवय असलेल्या माणसाला तेथे गट क्रमांक सापडत नाही. सहा मैल लांब-रुंद टाउनशिप, तिचे ३६ सेक्शन, प्रत्येक सेक्शन ६४० एकरांचा, आणि मग ‘ईशान्य चतुर्थांशाचा नैर्ऋत्य चतुर्थांश’ म्हणजे ४० एकर, असा हिशेब कागदावर चौकोन आखून लावावा लागतो. मी आरंभी केवळ खरेदीदारांची सूची चाळत बसलो, ही माझी चूक. जमीन हातून कशी जाते ते विक्रेत्यांच्या आणि गहाणखतांच्या सूचीत कळते, हे गावाकडच्या माणसाला तरी आधी सुचायला हवे होते. १८९० च्या जनगणनेचाही उपयोग नाही, कारण तिचे बहुतेक कागद १९२१ च्या आगीत गेले.

वॉल्स भाजीपाला आणि संत्री पिकवत. डिसेंबर १८९४ च्या थंडीत फ्लोरिडातील फळे गेली, तरी झाडे तगली. जानेवारीतील उबेने त्यांना नवी पालवी फुटली आणि फेब्रुवारीत दुसरी लाट आली तेव्हा रस चढलेल्या झाडांच्या साली उभ्या फाटल्या. आमच्याकडे आंबिया बहारावर, म्हणजे संत्र्याच्या हिवाळ्याअखेरच्या फुलोऱ्यावर, गारपीट झाली तर हंगाम जातो, पण बाग बहुधा उभी राहते. वॉल्स यांचे शेत त्या फेब्रुवारीत उद्ध्वस्त झाले. पुढे ते टॅलहासी येथील कृष्णवर्णीयांच्या शासकीय महाविद्यालयाचे शेत सांभाळू लागले आणि १९०५ साली तेथेच वारले. विक्रेत्यांच्या सूचीतील १८९५ नंतरची पाने मी सध्या वाचतो आहे.