महिन्यात तिसरी खेप बसली तरच गाडी आपली

आमच्या शेठनी दसऱ्याच्या आधीच सांगून ठेवलं होतं, मी चालवतोय तीच गाडी विकायची आहे, तुला पाहिजे तर पहिला मान तुझा, नाहीतर ओझरचं गिऱ्हाईक तयार आहे. दहा चाकी ट्रक, २०१७ चं मॉडेल, बीएस फोर इंजिन, तेही युरिया टाकायची भानगड नसलेलं, आणि गाडीचा नट न् नट मला माहिती, कुठला पाटा कधी बदललाय, क्लच कधी टाकलाय सगळं. बारा लाख सांगितले. तीन लाख रोख, नऊ लाख फायनान्स, १५ टक्क्यांनी ३६ महिने, हप्ता ३१,२०० च्या आसपास बसत होता.

आता आमच्या घरची परिस्थिती अशी की वडिलांच्या ऑपरेशनला काढलेलं कर्ज अजून फिटलं नाही, सोसायटी थकलेली, बायकोचं अर्धं सोनं बँकेत पडलंय. पगार अठरा हजार आणि वर भत्ता. तीन लाख आणायचे म्हणजे उरलेलं सोनं ठेवायचं आणि राहिलेले सासऱ्यांकडून उसने घ्यायचे. पण मन ऐकत नव्हतं हो. इतकी वर्षं दुसऱ्याची गाडी चालवल्यावर आरसीवर आपलं नाव बघायची इच्छा कुणाला होत नाही?

हे सगळं डोक्यात घेऊनच नाशिकच्या अंबडहून माल भरला, पुणे, कोल्हापूर, हुबळी करत बेंगळुरूच्या अलीकडे नेलमंगलाला पोचलो. तिथं गोडाऊनच गोडाऊन आहेत, आणि आमचं गोडाऊन फुल. गेटवरचा माणूस रोज एकच सांगायचा, नाळे बन्नी, उद्या या. गाडी उभी. हॉल्टिंगचं, म्हणजे गाडी उभी राहिल्याच्या पैशांचं, ट्रान्सपोर्टवाल्याला विचारलं तर म्हणे पार्टीशी, म्हणजे मालवाल्याशी, बोलतो, ते बोलणं काही झालं नाही.

माझ्या शेजारी सोलापूर साईडची एक गाडी लागलेली, चालवणारे मामा स्वतःच मालक, साठीच्या जवळ आलेले. टूलबॉक्स उघडून स्टोव्हवर पिठलं करत होते, मला म्हणले ये जेवायला. जेवताना गाडी घ्यायचा विषय काढला तर ते काहीच बोलले नाहीत, हात धुतले आणि केबिनमधून प्लॅस्टिकच्या पिशवीत गुंडाळलेली वही काढली. प्रत्येक खेपेला एक पान. डावीकडं आवक, उजवीकडं जावक, आणि पानाच्या खाली लाल पेनानी गोल करून एक आकडा, गाडी किती दिवस उभी होती त्याचा. ते लाल गोल मी बघतच बसलो, कारण ज्या पानावर गोल मोठा त्या पानावर खाली शिल्लक काहीच नाही. आणि वहीच्या मागं रबर लावलेला, माल पोचल्याच्या पोच पावत्यांचा गठ्ठा. मामा म्हणले, "ह्ये बघ, ह्या कागदात माझं लाखाच्या वर पैसं अडकल्यात, अन् आज डिझेल टाकायला ब्रोकरच्या फोनची वाट बघत बसलोय. तुझ्या शेठला इचारलास का, बॅलन्स किती दिसांनी येतंय?"

हे मी खरंच कधी विचारलं नव्हतं कारण ड्रायव्हरला ते विचारायची गरजच पडत नाही, आपल्याला पगार एक तारखेला मिळतो, मागं शेठ किती ओढतोय ते दिसत नाही. भाड्याचा ॲडव्हान्स भरतीला मिळतो तो डिझेल टोलमध्येच जातो, बॅलन्स पोच पावती पोचल्यावर महिना दीड महिन्यानी. शेठची पंपावर उधारी चालते, माझी कोण चालवणार? आणि शेठच्या सात गाड्या आहेत, एक उभी राहिली तर सहा पळतात. माझी एकच असणार, ती उभी राहिली म्हणजे सगळंच उभं.

मग जुन्या बिल्टीच्या (माल भरल्याच्या पावतीच्या) मागं हिशेब मांडला, मामांनी आकडे सांगितले आणि मी लिहिले. नाशिक बेंगळुरू जाऊन येऊन २,१०० किलोमीटर धरा, भरलेली गाडी लिटरला चार देते, म्हणजे सव्वापाचशे लिटर, ९० रुपयांनी ४७,००० च्या वर नुसतं डिझेल. टोल दहा अकरा हजार. जेवण खाण पाच, हमाली, वाराई (गाडीत माल लावायची मजुरी), वजनकाटा, किरकोळ मिळून चार. झाले ६७,०००. भाडं जाताना ४८,००० आणि येताना ४०,००० मिळालं तर हातात २१,००० राहतात. (वाराईचं इथंच बोलतो. माथाडी कायदा १९६९ चा आहे, हमालांना मजुरी मिळालीच पाहिजे, घाम गाळतात ते, पण माल ज्याचा त्यानी ती द्यावी, ड्रायव्हरच्या खिशातून का?)

महिन्यात तीन खेपा झाल्या तर ६३,०००. त्यातून हप्ता गेला. मग इन्शुरन्स, ह्या वजनाच्या गाडीला नुसतं थर्ड पार्टीच चव्वेचाळीस हजाराच्या घरात आहे वर्षाला, नॅशनल परमिटचे १६,५००, टायर, सर्व्हिसिंग, आठ वर्षांच्या पुढची गाडी म्हणून दरवर्षी पासिंग, हे सगळं महिन्यावर वाटलं तर वीस हजार. उरले अकरा बारा हजार. माझ्या आजच्या पगारापेक्षा कमी, तेही चांगल्या महिन्यात. आणि दोनच खेपा झाल्या तर महिन्याला नऊ हजार घरातून घालायचे. म्हणजे सगळा खेळ तिसऱ्या खेपेवर आणि ती तिसरी खेप असल्या गेटवर उभं राहूनच जाते, ते मी तिथंच बसून बघत होतो.

तरी मी मामांना म्हणलं, पण तीन वर्षांनी गाडी तर माझी होईल ना. ते म्हणले होईल की, पण तवर ती अकरा वर्षांची झालेली आसंल. मल्टीॲक्सलला नॅशनल परमिट १५ वर्षांपर्यंतच, म्हणजे बिनहप्त्याची मिळायची तीन चार वर्षं. त्यात इंजिन काम निघालं तर त्यातलंही एक वर्ष गेलं म्हणायचं.

रात्री घरी फोन केला, सगळे आकडे वाचून दाखवले. बायको शांतपणे ऐकत होती, मग म्हणाली, "अहो, हप्ता थकला तर गाडी ते ओढून नेतील, ते ठीक आहे. पण सोनं सोडवायला मग पैसे कुठनं आणायचे?" तिनी नको म्हणलं नाही, ते मीच म्हणावं म्हणून माझ्यावर सोडलं असं वाटतं.

सकाळी शेठना फोन लावला. म्हणलं शेठ, आत्ता नाही जमणार. ते म्हणले अरे मग तीन लाख नको देऊ, लोन माझ्याच नावावर राहू दे, तू फक्त हप्ते भर, गाडी तुझीच समज. ह्याला मी तिथल्या तिथं नकार दिला. आरसी त्यांच्या नावावर, इन्शुरन्स त्यांच्या नावावर, हप्ते माझे, उद्या ॲक्सिडेंट झाला तर क्लेमचा चेक कुणाच्या नावानी निघणार? शेठ माणूस चांगला आहे, वडिलांच्या ऑपरेशनला उचल त्यांनीच दिलेली, पण हा व्यवहार भल्या माणसाशीही करू नये असं माझं स्पष्ट मत आहे. शेठ थोडे नाराज झाले, मग म्हणले बरं, बेंगळुरूच्या पीण्यातून चाकणची भरती आहे, खाली झाला की जा.

गाडी शेवटी ओझरच्या माणसानी घेतली, मला शेठनी दुसरी दिली. पोस्टात आरडी चालू केलीये, पहिलं सोनं सोडवायचं, आणि मग निदान एका पूर्ण खेपेच्या खर्चाचे सत्तर हजार बाजूला पडल्याशिवाय कुठल्याही गाडीचं टायर सुद्धा बघायला जायचं नाही. आणि जाईन तेव्हा किंमत विचारायच्या आधी भाडं देणाऱ्या पार्टीला विचारणार, पोच दिल्यावर बॅलन्स किती दिवसांनी, आणि गाडी उभी राहिली तर हॉल्टिंग बिल्टीवर लिहून देताय का.