गुलाबी पानावरचे हितचिंतक

निवडणुकीतल्या उमेदवाराचा हिशोब उघडून बघायची फी एक रुपया आहे. निवडणूक संचालन नियम, 1961 मधला नियम 88. कोणीही जाऊन बसावं आणि बघावं. साक्षांकित प्रती हव्या असतील तर त्यांची फी वेगळी. हिशोब दाखल झाला की दोन दिवसांत सूचनाफलकावर नोटीस लागते आणि पाहणीची वेळ व जागा तिच्यात लिहिलेली असते. ती नोटीस वाचायला इंदूरात कोणी थांबत नाही, याचं मला फार वाईट वाटतं. यांच्याकडे एवढा पैसा येतो कुठून, अशी चर्चा ओट्यावर रोज रंगते. पण ते जिथे लिहिलेलं असायला हवं, ते पान उघडायला कोणी जात नाही.

माझं रोजचं काम हिशोब तपासायचं. निवडणूक झाली की आमचा एक छोटा गट उमेदवारांचे हिशोब तपासतो. इथे सांगतो ते प्रकरण 2023 च्या विधानसभा निवडणुकीचं. मतदान 17 नोव्हेंबरला झालं, निकाल 3 डिसेंबरला लागला. लोकप्रतिनिधित्व कायद्याच्या कलम 78 प्रमाणे निकालापासून 30 दिवसांत, म्हणजे 2 जानेवारी 2024 पर्यंत, हिशोब द्यायचा होता. उमेदवार आणि मतदारसंघ सांगत नाही, कारण असंच पान मी इतरांच्याही वहीत पाहिलं आहे.

उमेदवाराला मिळणाऱ्या वहीचे तीन भाग असतात. पांढऱ्या पानांवर रोजचा खर्च, गुलाबी पानांवर रोकड, पिवळ्या पानांवर बँक. उमेदवारी अर्जाच्या किमान एक दिवस आधी वेगळं बँक खातं उघडावं लागतं आणि एका माणसाला किंवा संस्थेला 10,000 रुपयांहून जास्त रोख देता येत नाही. रोख देणगी घेतानाही मर्यादा तीच. अर्ज भरल्याच्या दिवसापासून निकालाच्या दिवसापर्यंतचा सगळा खर्च यात यायला हवा. पोस्टर आधी छापून ठेवलं आणि या काळात लावलं, तरी तेही यात आलंच. मध्य प्रदेशात विधानसभेची मर्यादा 40 लाख, लोकसभेची 95 लाख.

खर्चाच्या बाजूवर पहारा कडक आहे, आणि तो चांगला आहे हे मोकळेपणाने सांगतो. सभेत व्हिडिओ पथक येतं. कॅमेरा सुरू झाला की आधी कार्यक्रमाचं नाव, तारीख, जागा, पक्ष आणि उमेदवार तोंडाने बोलून नोंदवायचे, मग मंचाचा आकार, खुर्च्या, गाड्या, झेंडे, कटआउट टिपायचे. दुसरं पथक ते चित्रण बघतं. लेखा पथक जिल्ह्याच्या दरपत्रकाने त्याची किंमत लावतं आणि छाया नोंदवहीत लिहितं. प्रचाराच्या काळात किमान तीनदा उमेदवाराची वही या छायावहीशी ताडून बघतात. चहाचे कप कमी दाखवले तरी पकडले जातात. या पथकांतले बहुतेक जण आपलं सरकारी काम सांभाळून रात्री उशिरापर्यंत हे करतात. त्यांच्या कामाची किंमत लोकांना कळलेली नाही.

म्हणून मी हिशोब हातात आला की बेरजेकडे आणि पांढऱ्या पानांकडे शेवटी वळतो. आधी गुलाबी पानं. डावीकडे जमा: पैसे कोणाकडून आले त्याचं नाव-पत्ता, पावती क्रमांक, रक्कम. उजवीकडे खर्च. अगदी शेवटच्या रकान्यात, शिल्लक रोकड कुठे आणि कोणाजवळ ठेवली आहे. हा शेवटचा रकाना बहुतेक वह्यांत कोरा असतो किंवा तिथे ‘कार्यालय’ एवढंच लिहिलेलं असतं.

या वहीत जमेच्या बाजूला एकाच तारखेला आठ नोंदी होत्या. प्रत्येक 9,500 रुपयांची. पावती क्रमांक ओळीने, अक्षर एक, पेन एक. सात नोंदींपुढे नाव-पत्त्याच्या जागी ‘हितचिंतक, इंदूर’. उरलेल्या एकीपुढे मात्र पूर्ण नाव आणि दुकानाचा पत्ता. लिहिणाऱ्याने बहुधा पहिल्यांदा नियमाप्रमाणे लिहिलं असावं, मग कोणीतरी थांबवलं असावं. कारण ही नावाची नोंद क्रमाने पहिली होती. हा माझा अंदाज आहे. 10,000 च्या जरा खाली राहणारी रक्कम आठ वेळा येणं हा मात्र अंदाज नाही, ते पानावर आहे.

एवढ्यावर काहीच सिद्ध होत नाही. आठ माणसांनी साडेनऊ हजार दिले असतीलही. पुढचा धागा पोस्टरने दिला.

लोकप्रतिनिधित्व कायद्याचं कलम 127क सांगतं की प्रचाराच्या प्रत्येक पत्रकावर आणि पोस्टरवर मुद्रक आणि प्रकाशक यांचं नाव-पत्ता हवाच. त्याच्या मागे जे कागद तयार होतात ते फार थोड्यांना ठाऊक आहेत. प्रकाशकाने आपण कोण हे लिहून त्यावर सही करायची, त्याला व्यक्तिशः ओळखणाऱ्या दोन माणसांनी साक्षीदार म्हणून सही करायची, आणि हे घोषणापत्र दोन प्रतींत छापखान्याला द्यायचं. छापखान्याने छपाईनंतर तीन दिवसांत घोषणापत्राची प्रत, छापील नमुने आणि किती प्रती छापल्या, किती पैसे घेतले याचं पत्रक जिल्हा दंडाधिकाऱ्यांकडे पोचवायचं. मोडलं तर सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा 2,000 रुपयांपर्यंत दंड किंवा दोन्ही. शिक्षेच्या धाकाने म्हणा, पण छापखानेवाले हे नियम राजकारण्यांपेक्षा नीट पाळतात.

आमच्या गटातल्या एका काकूंनी नोव्हेंबरमध्ये फिरताना भिंतीवरच्या पोस्टरांचे फोटो काढले होते. चेहऱ्याचे नव्हे, तळाच्या बारीक ओळीचे. एका ओळीत प्रकाशक म्हणून एका मित्र मंडळाचं नाव होतं आणि प्रती 10,000. आम्ही लगेच 10 रुपये फी भरून माहिती अधिकारात त्या घोषणापत्राची आणि छापखान्याच्या पत्रकाची प्रत मागितली. हे लगेच करणं महत्त्वाचं. उत्तराला 30 दिवसांची मुदत असते; निकालानंतर अर्ज केला तर हिशोब तपासण्याची वेळ निघून जाते. जिल्हा निवडणूक अधिकाऱ्याला निकालापासून 38 दिवसांत निवडणूक आयोगाला छाननी अहवाल पाठवायचा असतो, म्हणजे यावेळी 10 जानेवारीपर्यंत.

प्रत डिसेंबरात मिळाली होती. जानेवारीत मोती तबेल्यातल्या जिल्हाधिकारी कार्यालयात टेबलावर डाव्या हाताला ती ठेवली, उजव्या हाताला वही. पांढऱ्या पानांवर पोस्टरांची एकच नोंद: 3,000 प्रती, दुसरा छापखाना, चेकने पैसे. मित्र मंडळाच्या 10,000 प्रती आणि 41,000 रुपयांचं बिल कुठेच नाही. दुसऱ्या कोणी केलेल्या खर्चासाठी पांढऱ्या पानावर स्वतंत्र रकाना असतो, नाव-पत्त्यासकट. तो पहिल्या पानापासून शेवटपर्यंत कोरा होता. मग घोषणापत्राच्या खालच्या दोन सह्या वाचल्या. पहिला साक्षीदार म्हणजे गुलाबी पानावरचा तो एकटा नाव असलेला देणगीदार. प्रकाशकाचा पत्ता आणि त्याच्या दुकानाचा पत्ता एकच.

वही दाखवणाऱ्या बाबूंनी आमच्याआधीच दोन्ही पत्त्यांवर बोट ठेवलं. आठ-आठ तास आकडे जुळवणाऱ्या माणसाची नजर होती ती. आम्ही दोन पानी पत्र लिहिलं, फोटो, घोषणापत्र आणि पानांच्या साक्षांकित प्रती जोडल्या आणि अहवाल जायच्या आत दाखल केलं.

उमेदवाराच्या खर्च प्रतिनिधीला बोलावलं गेलं. पुरावे समजावून द्यायला आम्हीही होतो. त्याने कागद पाहिले, वाद घातला नाही. म्हणाला, “जोड़ लीजिए साहब, लिमिट में ही है।” 41,000 रुपये जोडले गेले. बेरीज 40 लाखांच्या बरीच खाली राहिली. काम संपलं. हितचिंतकांची नावं आम्ही तोंडी विचारली, पत्रातही विचारली होती. त्यावर त्याला काही बोलावंच लागलं नाही.

तो गेल्यावर नियम 86 पुन्हा वाचला आणि तेव्हापासून तो डोक्यातून जात नाही. हिशोबात काय काय हवं ते या नियमात आहे: खर्चाची तारीख, स्वरूप, रक्कम, पैसे दिल्याची तारीख, पैसे घेणाऱ्याचं नाव आणि पत्ता, पावत्यांचे क्रमांक. मंडपवाल्याचं नाव हवं, रिक्षावर भोंगा लावणाऱ्याचं हवं. पैसे देणाऱ्याचा त्यात उल्लेखच नाही. गुलाबी पानावरचा नावाचा रकाना आणि गोषवाऱ्यातलं देणग्या-कर्जांचं परिशिष्ट 9 हे आयोगाने आपल्या नमुन्यात घातले आहेत. नमुना चांगला आहे, पण रकाना कोरा सोडणाऱ्याला धाक वाटेल असं त्याच्या मागे काही नाही. सगळी पथकं एका प्रश्नाचं उत्तर शोधतात: मर्यादा ओलांडली का? ओलांडली नसेल तर कोणी दिले हा प्रश्न उरत नाही.

कलम 10क आहे, हे मला माहीत आहे. ठरलेल्या वेळेत आणि ठरलेल्या रीतीने हिशोब दिला नाही तर आयोग तीन वर्षांसाठी अपात्र ठरवू शकतो. हिशोब खरा आहे की नाही हेही आयोग तपासू शकतो, असं सर्वोच्च न्यायालयाने मे 2014 मध्ये अशोक चव्हाणांच्या प्रकरणात स्पष्ट केलं. पण आपल्याच राज्यातलं दतियाचं उदाहरण बघा. निवडणूक 2008 ची, बातम्यांच्या रूपातल्या प्रचाराचा खर्च हिशोबात नाही म्हणून आयोगाने तिथल्या आमदाराला अपात्र ठरवलं जून 2017 मध्ये, आणि मे 2018 मध्ये दिल्ली उच्च न्यायालयाने तो आदेश रद्द केला. इतकी वर्षं चालणाऱ्या प्रक्रियेला कोण घाबरेल? आणि तिथेही वाद खर्चाचाच होता.

आमचं पत्र दाखल झालं आणि काही आठवड्यांत, 15 फेब्रुवारी 2024 रोजी, निवडणूक रोख्यांचा निकाल आला. पाच न्यायमूर्तींनी एकमताने सांगितलं की पक्षाला पैसा कोण देतो हे जाणणं मतदाराचा हक्क आहे. मग रोखे विकणाऱ्या स्टेट बँकेने आधी 30 जूनपर्यंत मुदत मागितली, ती नाकारली गेली, 14 मार्चला दोन याद्या प्रसिद्ध झाल्या: एक विकत घेणाऱ्यांची, एक वटवणाऱ्या पक्षांची. दोन्हींना जोडणारा क्रमांक नव्हता. तो न्यायालयाने पुन्हा बजावल्यावर 21 मार्चला मिळाला. तो क्रमांक कशासाठी हवा होता हे आम्हाला कोणी समजावून सांगायची गरज नव्हती.

त्या निकालाचं मला मोल आहे. पण पक्षांना आजही कलम 29ग प्रमाणे वर्षात 20,000 रुपयांहून जास्त देणाऱ्याचंच नाव द्यावं लागतं. रोख 2,000 पर्यंतच घेता येते हे आयकर कायद्यात 2017 मध्ये आलं. नाव सांगायची मर्यादा मात्र 20,000 वरच राहिली. शिवाय तो अहवाल वर्षातून एकदा. मत देऊन झाल्यावर देणगीदार कळून मतदाराने काय करायचं?

देणाऱ्याच्या हेतूबद्दल मला काही म्हणायचं नाही. तो माणूस उमेदवाराचा जुना मित्र असेल, मनापासून दिले असतील. तसं असेल तर नाव लिहिण्यात कमीपणा काय? उद्या त्याच्या दुकानासमोरच्या रस्त्याची निविदा निघाली, तर त्या भागातल्या लोकांना हे माहीत असायला हवं, एवढंच.

आम्ही दोन मागण्या पाठवल्या आहेत. हे नियम केंद्र सरकार आयोगाच्या सल्ल्याने करतं, म्हणून पत्र दोघांनाही. पहिली, नियम 86 मध्ये पैसे देणाऱ्याचं नाव-पत्ता घालावा आणि ‘हितचिंतक’ लिहिलेली प्रत्येक रक्कम अहवालात वेगळी दाखवावी. दुसरी, छापखान्यांकडून आलेली घोषणापत्रं उमेदवाराच्या हिशोबाशेजारीच संकेतस्थळावर टाकावीत, म्हणजे त्यासाठी माहिती अधिकाराचा अर्ज करावा लागू नये. पोच आली आहे, उत्तर यायचं आहे.

पुढच्या निवडणुकीत कोणाला हे काम करायचं असेल तर फोटो काढताना पोस्टरची तळओळ वाचता येईल इतक्या जवळून काढा, एक फोटो भिंतीसकट लांबून घ्या आणि तारीख-जागा तिथेच टिपून ठेवा. मतदान झाल्यावर पोस्टरं फार दिवस टिकत नाहीत.