एका दिवसात शीआन : मातीची फौज, ह्युएन त्संगाचा मनोरा आणि तटावरची सायकल

चीनमधल्या शीआनमध्ये एकच दिवस हाताशी असेल तर पहिला प्रश्न हाच : मातीच्या सैनिकांना (टेराकोटा आर्मीला) किती वेळ द्यायचा? ते शहरात नाहीत, पूर्वेला लिनथोंगच्या बाजूला चाळीसेक किलोमीटरवर आहेत. आमचं ठाम मत असं की अख्खी सकाळ तिकडे घालवा, दुपारनंतर शहर बघा आणि शान्शी इतिहास संग्रहालयाचा मोह या खेपेला आवरा. संग्रहालय सोमवारी बंद असतं, इतर दिवशी आगाऊ आरक्षण मिळायला नशीब लागतं, आणि आत शिरलात की दुपार गेलीच म्हणून समजा.

आम्ही ऑक्टोबरच्या अखेरीस गेलो होतो. हवा छान, गर्दी सोसवेल इतकी. १ ते ७ ऑक्टोबर मात्र कटाक्षाने टाळा. राष्ट्रीय सुट्टीमुळे सगळा देश फिरायला बाहेर पडलेला असतो. मेच्या सुरुवातीच्या सुट्टीचंही तेच.

जायला मेट्रो उत्तम. लाइन १ ने फांगचिछंग, तिथे गाडी बदलून लाइन ९ ने हुआछिंगछ्र, आणि स्थानकाबाहेरून बस. दारापासून दारापर्यंत दीड तास तरी धरा. मेट्रोत शिरताना प्रत्येक वेळी बॅगा तपासतात. वाटेत 'सैनिक बघायला चला' म्हणत मागे लागणाऱ्यांकडे बघूसुद्धा नका, नकली पुतळ्यांच्या दुकानांत नेऊन सोडतात. तिकीट १२० युआन, पासपोर्टच्या नंबरवर आधीच ऑनलाइन काढून ठेवावं. मूळ पासपोर्ट जवळ हवा, झेरॉक्सच्या भरवशावर राहू नका.

आत गेल्यावर सगळे गट थेट पहिल्या दालनाकडे पळतात. तुम्ही उलटे जा. तिसरं दालन छोटं आहे, जेमतेम ६८ पुतळे, पण ते सैन्याचं मुख्यालय असावं असं मानतात. दुसऱ्यात बहुतेक भाग अजून मातीखालीच आहे, तरी काचेच्या पेटीतला गुडघा टेकलेला तिरंदाज चुकवू नका. त्याच्या मागे जाऊन पायाकडे बघा : जोड्याच्या तळव्यावरचे टाके मोजता येतील इतके स्पष्ट कोरलेत. बावीसशे वर्षांपूर्वी, जमिनीत पुरायच्या पुतळ्याच्या तळव्यावर! एवढं बघून झालं की मग पहिलं दालन. २३० मीटर लांबीच्या त्या खड्ड्यात ओळीने उभे सैनिक पाहिल्यावर बोलणं आपोआप थांबतं. १९७४ मध्ये विहीर खणणाऱ्या शेतकऱ्यांना याचा पत्ता लागला. पुतळे मुळात रंगीत होते, बाहेरची हवा लागताच रंगाचे पोपडे निघाले. ज्याच्यासाठी ही फौज उभी केली त्या छिन शी हुआंगची, म्हणजे चीनच्या पहिल्या सम्राटाची, समाधी अजून उघडलेलीच नाही. तिथे दिसते ती फक्त झाडीने झाकलेली टेकडी. वेळ कमी असेल तर ती सोडा, पण त्याच तिकिटात येणारे ब्राँझचे रथ बघाच.

लिनथोंगची डाळिंबं प्रसिद्ध आहेत. हंगामात रस्त्यावर ताजा रस मिळतो. सांगोल्याकडचं कुणी बरोबर असेल तर भावाची चौकशी होणारच, त्याची दहा मिनिटं वेगळी ठेवा.

परत येताना लाइन ३ किंवा ४ वरच्या तायानथा स्थानकाला उतरा. हा मोठा हंस मनोरा, आणि मराठी माणसाने तो वगळू नये. सतरा-अठरा वर्षं भारतात आणि वाटेवरच्या देशांत काढून ह्युएन त्संग ६४५ मध्ये इथे परतला. त्याने आणलेल्या पोथ्या आणि मूर्ती ठेवायला ६५२ मध्ये हा मनोरा बांधला. दुसऱ्या पुलकेशीच्या राज्यातून, आपल्याच मुलुखातून, तो हिंडला होता. तिथली माणसं उपकार विसरत नाहीत आणि अपमान सोडत नाहीत, असं त्याने नोंदवलंय. उत्तरेच्या चौकात कारंज्याभोवती झुंबड असते. ह्युएन त्संगाचा पुतळा दक्षिणेच्या बाजूला आहे. मनोरा चढायला वेगळं तिकीट लागतं. आम्ही चढलो नाही, पाय शहराच्या जुन्या तटासाठी राखून ठेवले.

तटावर योंगनिंग या दक्षिण दरवाजाने चढा, तिकीट ५४ युआन. सायकली भाड्याने मिळतात. पूर्ण फेरी १३.७ किलोमीटरची, दीड-दोन तासांची, आणि विटांची फरसबंदी अशी की बूड हुळहुळतं. वर गेल्यावर एक गोष्ट ध्यानात येते : मनोरा तटाच्या बराच बाहेर राहिला. थांग राजवटीतलं चांगआन, म्हणजे तेव्हाचं शीआन, कितीतरी मोठं होतं, हा नंतरच्या मिंग राजवटीतला तट त्याच्या एका तुकड्याभोवती आहे.

तिथून घंटाघर चालत गाठता येतं. पलीकडे नगारखाना, आणि त्याच्या मागे मुस्लिम मोहल्ला. गल्लीत लपलेली मोठी मशीद बघायची तर उजेड असताना जा, तटावरची फेरी अर्धी करा. घुमट नाही, चिनी धाटणीच्या चौकामागून चौक, मिनारसुद्धा चिनी मनोऱ्यासारखा. मुख्य प्रार्थनागृहात इतरांना प्रवेश नाही.

खाण्याचं म्हणाल तर मोहल्ल्यात डुक्कर नसतं, पण बोकड-गायीचं मांस सर्वत्र. शाकाहारी मंडळींनी 'मी मांस-मासे खात नाही, मांसाचा रस्साही नको' हे वाक्य चिनी लिपीत फोनमध्ये ठेवावं. ब्यांगब्यांग नूडल्स पट्ट्याएवढ्या रुंद असतात, वर लाल तिखट टाकून फोडणीसारखं कडकडीत तेल ओततात. ल्यांगफी म्हणजे गार नूडल्स, आंबट-तिखट, बहुधा बिनमांसाच्या. पर्सिमॉन या टोमॅटोसारख्या दिसणाऱ्या फळाची तळलेली गोड टिक्की गरमच खा.

पैशांसाठी अलीपे हे मोबाइलवरून पैसे देण्याचं ॲप घरूनच सुरू करून व्हिसा किंवा मास्टरकार्ड जोडून न्या. हॉटेलच्या वायफायवर गूगल, व्हॉट्सॲप चालत नाही. भारतीय सिमच्या रोमिंगवर चालतं. रात्रीची बुलेट ट्रेन असेल तर घंटाघराहून लाइन २ थेट उत्तर स्थानकाला जाते. ते स्थानक अवाढव्य आहे, तपासणीसकट पाऊण तास हाताशी ठेवा.