नवा सीईओ आला, शेअर घ्यायचा का?

मिहान या विमानतळाजवळच्या उद्योग-प्रकल्पात आयटी कंपन्या आहेत, त्यामुळे नागपुरात आयटी कंपनीचा सीईओ बदलला की शेअरची चर्चा रंगतेच. पण नुसत्या नावावर पैसे लावू नका. टेक महिंद्राची सूत्रं मोहित जोशींनी डिसेंबर 2023 मध्ये घेतली आणि 2026-27 साठी 15 टक्के ऑपरेटिंग मार्जिनचं (म्हणजे धंद्याचा खर्च वजा जाता महसुलातून उरणाऱ्या नफ्याचं) लक्ष्य जाहीर केलं. असं मोजता येणारं लक्ष्य हवंच. मग दर तिमाहीला मार्जिन, नवे करार आणि धंद्यातून आलेली रोख तपासा. नफा वाढतोय पण रोख आटतेय, तर कदाचित ग्राहकांकडची वसुली अडकलीय. सुरुवातीच्या तोट्याला लगेच घाबरू नका. नवे प्रमुख अनेकदा जुनी बुडीत खाती तेव्हाच निकाली काढतात, म्हणून तोटा दिसतो. इंटेलसारख्या चिप कंपनीत मात्र कारखाना उभा राहायलाच काही वर्षं जातात, तिथे चार तिमाह्यांवरून निकाल देणं चूक. एकरकमी कधीच घेऊ नका, निकाल पाहत टप्प्याटप्प्याने घ्या.