डुक्कर घेतलंत, पण का घेतलंत?

शनिवार, रात्रीचे अकरा

दिवसभर चित्रं बघून डोळे चुरचुरताहेत. तालुक्याच्या आंतरशालेय स्पर्धेचं परीक्षण. विषय ‘माझे आवडते ठिकाण’, म्हणजे दोन डोंगर, मधून उगवणारा सूर्य, वळणाची नदी आणि काठावर एक झोपडी, जिच्यात यातलं एकही पोर राहत नाही. संध्याकाळी चारच्या सुमाराला गठ्ठ्यातून एक वेगळंच निघालं. चौथीतलं कुणीतरी. रंग जवळजवळ नाहीच, चॉकलेटचे कागद फाडून चिकटवलेले. मी ते उचलून क्रमांकाच्या ढिगात ठेवलं.

सोबतच्या परीक्षक बाईंनी चष्म्यावरून बघितलं. “सर, हे का घेतलंत?”

“वेगळं आहे,” मी म्हणालो.

“वेगळं तर ते पण आहे,” म्हणून त्यांनी कुणाच्या तरी चहा सांडलेल्या कागदाकडे बोट दाखवलं. मी हसण्यावारी नेलं. पण एसटीत बसल्यावर ते डोक्यातून जाईना, आणि तिथेच तो ब्राझीलचा कलावंत आठवला, नेल्सन लायर्नर. त्याने हाच प्रश्न विचारला होता, स्वतःचंच काम निवडलं गेल्यावर.

गोष्ट 1967 ची. राजधानी ब्राझिलियात आधुनिक कलेचं मोठं प्रदर्शन भरायचं. साओ पावलोहून लायर्नरने तिथे पाठवलं काय, तर लाकडी पट्ट्यांच्या खोक्यात उभं केलेलं, पेंढा भरलेलं डुक्कर! गळ्याशी साखळीने बांधलेलं हॅम. म्हणजे डुक्कर आणि त्याचं पुढे जे होतं ते, दोन्ही एकाच खोक्यात. परीक्षक मंडळ ऐरंगैरं नव्हतं. मारिओ पेद्रोझा त्यात होते, ब्राझीलमधले त्या काळचे सर्वांत वजनदार कलासमीक्षक. मंडळाने डुक्कर स्वीकारलं.

आपण असतो तर पेढे वाटले असते. लायर्नरने ‘जोर्नाल दा तार्दे’ या वर्तमानपत्रातून जाहीरपणे विचारलं, कोणत्या निकषावर घेतलंत?

नापास झालेला मुलगा पेपर पुन्हा तपासायला देतो, हे रोजचं आहे. पास झालेला येऊन “सर, मला मार्क का दिलेत?” असं विचारतो, तेव्हा मास्तरची खरी पंचाईत होते. पेद्रोझांनी मात्र प्रश्न टाळला नाही, पुढे लेख लिहून उत्तर दिलं. मी संध्याकाळी नुसतं हसलो.

आणि ते हॅम? ते प्रदर्शनातूनच गायब झालं. कुणीतरी खाल्लं असावं. डुक्कर आज साओ पावलोच्या पिनाकोतेका संग्रहालयात सुखाने आहे.

रविवार, दुपार

जेवण झालं, झोप येत नाही. जुन्या वहीत लायर्नरबद्दल टिपून ठेवलेलं काढून बसलो.

जन्म 1932, साओ पावलो. वडील कापडधंद्यातले आणि कलेचे आश्रयदाते, आई फेलिसिया शिल्पकार. म्हणजे घरात धागाही होता आणि छिन्नीही. मुलाने धंदा सांभाळावा म्हणून त्याला अमेरिकेत मॅसॅच्युसेट्सला टेक्स्टाइल इंजिनिअरिंग शिकायला धाडलं. काही वर्षं काढून पदवी न घेताच स्वारी परत आली. पण कापडाने काही त्याला सोडलं नाही.

फोंताना नावाचा चित्रकार कॅनव्हासला पात्याने उभे चिरे द्यायचा आणि जग त्या चिऱ्यांपुढे गंभीर चेहऱ्याने उभं राहायचं. लायर्नरने ‘फोंतानाला मानवंदना’ म्हणून काय केलं? कापडाला चेन लावली. पँटला असते तीच. प्रेक्षकाने यावं, चेन उघडावी, आतलं कापड बघावं, वाटल्यास पुन्हा लावून टाकावी. शिवाय हे एकुलतं एक चित्र नाही, कारखान्यात निघावं तसं अनेक प्रतींत काढायचं. याला 1967 मध्ये टोकियोच्या द्वैवार्षिक प्रदर्शनात पारितोषिक मिळालं. मला त्याच्या सगळ्या कामात हे सर्वांत आवडतं. चिरा बंद करता येत नाही, चेन येते. एवढ्या एका फरकात केवढी थट्टा आहे, आणि थट्टा करूनही फोंतानाचा अपमान नाही.

त्याआधीच्या वर्षी वेस्ली ड्यूक ली, जेराल्दो दे बारोस आणि तीन तरुण चेल्यांबरोबर त्याने ‘रेक्स’ गट काढला. स्वतःची गॅलरी, स्वतःचं ‘रेक्स टाइम’ नावाचं वर्तमानपत्र, पहिल्याच अंकावर मथळा ‘सूचना : हे युद्ध आहे’. वर्षभरात पैसे संपले. मे 1967 मध्ये दुकान बंद करताना शेवटचा खेळ लायर्नरनेच केला. जाहीर करून टाकलं, भिंतीवरचं चित्र ज्याला काढून नेता येईल त्याचं. फुकट! मात्र चित्रं साखळदंडांनी जखडलेली, काही सिमेंटात रोवलेली. लोक करवती घेऊन आले आणि काही मिनिटांत गॅलरी रिकामी. उद्घाटन आणि समारोप एकाच वेळी.

‘आराधना’ मात्र फोटोत बघूनही समजते. 1966 सालचा हा रोबेर्तो कार्लोसचा देव्हारा. (फुटबॉलवाला नव्हे. तो तेव्हा जन्मलाही नव्हता. हा गायक, टीव्हीमुळे अख्ख्या तरुण ब्राझीलला वेड लावलेला.) पडदा, संतांच्या तसबिरी, मधे निऑनच्या दिव्यांत देवाच्या जागी गायक, आणि समोर माणसं मोजणारा फिरता दांडा. तिकडच्या बसमध्ये चढताना असतो तसा. दर्शनबारीत तासन्‌तास उभं राहिलेल्या माणसाला याचा अर्थ कुणी सांगावा लागत नाही.

अमेरिकन पॉप आर्ट, म्हणजे रोजच्या बाजारातल्या वस्तूंवरून केलेली कला, म्हटलं की सुपरमार्केटची मांडणी आठवते, एकसारखे डबे, चकचकीत. लायर्नरचं पॉप गल्लीतल्या दुकानातलं, जिथे एकाच फळीवर संत, खेळणी आणि बागेतले बुटके विकायला असतात. हसण्याला किंमतही होती. 1964 पासून देशात लष्करी राजवट. त्याने आणि फ्लाविओ मोत्ता यांनी साओ पावलोच्या रस्त्यावर आपले छापील झेंडे लावले, तर पालिकेच्या माणसांनी ते उचलून नेले. कारण काय, तर फेरीवाल्याचा परवाना नाही! 1969 मध्ये राजवटीच्या निषेधार्थ साओ पावलोच्या द्वैवार्षिकावर बहिष्कार पडला, त्यात तोही होता.

पुढे वीस वर्षं त्याने साओ पावलोतल्या कलामहाविद्यालयात शिकवलं. तो मास्तर होता हे वाचून मला उगीचच बरं वाटलं.

आणि मग त्या मिरवणुका. ऐंशीच्या दशकापासून तो बाजारातून पुतळे आणून जमिनीवर रांगांनी मांडू लागला. प्लास्टरचे संत, बुद्ध, समुद्रदेवी येमांजा, हिमगौरीचे बुटके, मिकी माउस, डायनोसॉर, शेकड्यांनी, सगळे एकाच दिशेला तोंड करून निघालेले. 1999 मध्ये ब्राझीलने व्हेनिसच्या द्वैवार्षिकात ज्यांना पाठवलं त्यांत तोही होता. त्या मिरवणुकीचा फोटो पहिल्यांदा बघितला तेव्हा मी मोठ्याने म्हणालो, अरे, हा तर आपला दिवाळीचा किल्ला! आमच्या किल्ल्यावर महाराज सिंहासनावर, खाली मावळे, मावळ्यांहून मोठा वाघ, तळ्यात प्लास्टिकचं बदक, बुरुजावर बॅटिंग करणारा क्रिकेटपटू आणि पायथ्याला हिरवी जीप. कुणाला काही खटकायचं नाही. आम्ही हळीव पेरायचो आणि उरलेली खेळणी मांडायचो, एवढंच. लायर्नरनेही मांडलंच. फक्त त्याचं मांडणं बघताना आपल्याला कळतं की मिकी आणि संत एकाच साच्यातून, एकाच दुकानातून, जवळपास एकाच भावात आले आहेत.

उतारवयातलं सगळंच मला पटत नाही. जगाच्या नकाशांवर मिकी आणि कवट्यांचे स्टिकर चिकटवलेले ते नकाशे एकदा बघितले की संपतात. विनोद सांगून झाल्यावर तोच पुन्हा सांगणारे काका असतात तसं होतं. पण 2020 च्या मार्चमध्ये रिओत गेला तेव्हा अठ्ठ्याऐंशी वर्षांचा होता. इतकी वर्षं खोड टिकवायची म्हणजे एखादा विनोद शिळा निघणारच.

सोमवार, रात्र

शाळा सुटल्यावर निकालपत्रक भरायला बसलो. बक्षिसाच्या प्रत्येक चित्रापुढे ‘परीक्षकांचा अभिप्राय’ असा रकाना आहे. दरवर्षी मी तिथे ‘उत्तम’, ‘कल्पक’ असं लिहून मोकळा होतो. आज ते चॉकलेटच्या कागदांचं चित्र समोर घेतलं आणि बाईंना फोन लावला. म्हटलं, शनिवारी तुम्ही विचारलं त्याचं उत्तर द्यायचंय, दोन मिनिटं थांबा, बघून सांगतो.

बघितलं. पोराने कागद छापील बाजूने चिकटवलेलेच नाहीत. उलटे करून आतली चंदेरी बाजू वर ठेवली आहे, आणि चिकटवण्याआधी मुठीत चुरगाळून पुन्हा सपाट केले आहेत. चुण्यांवर उजेड पडतो. ती विहीर आहे. काठावर निळ्या पेनने काढलेली दोन पावलं आहेत, बाकी माणूस नाही. त्याने उडी मारली आहे.

बाई जरा वेळ गप्प राहिल्या. मग म्हणाल्या, “असं का? मग पहिला का नाही दिलात?”

रकाना पुरला नाही, समासात लिहावं लागलं.